हुरहूर राहू द्या, जाते नको

राजगडाच्या पायथ्याचे गुंजवणे हे माझे गाव. रविवारी चोरदरवाजाच्या वाटेने गड चढणारी शहरातली मंडळी आमच्या दारावरून जातात. गेल्या पावसाळ्यात त्यांतल्या एका गृहस्थांनी पडवीतल्या जात्याचा फोटो काढला आणि ते उद्गारले, "काय सुंदर दिवस होते ते!" आजी नुसती हसली. ते पुढे गेल्यावर मला म्हणाली, "पायलीभर नाचणी दळाय बसवाय पायजे व्हता त्याला!"

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. गेलेल्या दिवसांची ही हुरहूर खरी की खोटी?

मराठी माणसाच्या घरात ही हुरहूर वाजती झाली ती ध्वनिमुद्रिकेमुळे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली आणि 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिची ध्वनिमुद्रिका निघाली. मराठी भावगीताचा आरंभ अनेकजण तिथूनच मानतात. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावत असे. लांब आलापीला जागाच नव्हती. त्यामुळे शब्द पुढे आले आणि शब्दांबरोबर मनातली कालवाकालवही. रानातली शीळ अशी शहरातल्या दिवाणखान्यात पोचली.

कोणी म्हणेल, हे म्हाताऱ्यांचे दुखणे आहे. मला तसे वाटत नाही. वसतिगृहातल्या मैत्रिणीने मला एक अमेरिकन ध्वनिमुद्रिका ऐकवली. इलिनॉय विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांच्या 'अमेरिकन फुटबॉल' या वाद्यवृंदाने ती 1999 साली काढली. मुखपृष्ठावर रात्रीच्या वेळचे एक साधे घर आहे आणि त्याची वरची खिडकी उजळलेली आहे. शब्द मला फारसे कळले नाहीत. पण निरोपाचा सूर कळला. ती मुले आमच्याहून फार मोठी नव्हती. तेव्हा हुरहूर वयाची नसते, सुटण्याची असते, असे माझे मत झाले.

आणि सुटणे आमच्या घरातल्या बायकांना कोणी शिकवायला नको. सासरी आलेल्या मुलीने पहाटे दळताना माहेर आठवायचे, हे तर ओवीचे जुने काम. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या केल्या नसत्या तर पिठाच्या गिरणीबरोबर केवढे धन गेले असते!

दिवाळीच्या सुट्टीत मी आजीला ओव्या सांगायला बसवले. एकही आठवेना. मग तिने जात्याचा खुंटा धरला, हात फिरू लागला, तशा एकामागून एक आल्या. मी मोबाईलवर त्या टिपत होते. न्यायला न आलेल्या भावाची ओवी आली आणि ती थांबली. म्हणाली, "आमाला रडायलाबी जात्याचाच आडोसा व्हता, बाय."

त्या गृहस्थांच्या फोटोत हे आले नसणार. माझे म्हणणे एवढेच आहे. हुरहूर खोटी नव्हे. पण कष्ट गाळून उरलेली हुरहूर अर्धी असते. पहाटे उठून पायलीभर दळणे कोणाच्याही वाट्याला पुन्हा येऊ नये. गिरणी आली हे चांगलेच झाले. म्हणून जात्याबरोबर ओवीही जावी, असे मात्र नाही. ओवी जपावी, आणि ती कोणत्या श्रमातून आली हेही तिच्याशेजारी लिहून ठेवावे.

आमच्या घरातून लग्नाशिवाय गाव सोडणारी मी पहिलीच मुलगी. शिकायला निघालेल्या मुलीची ओवी आजीपाशी नाही. मी विचारून पाहिले. ती आम्हालाच रचावी लागेल. पण त्याआधी, मित्रमैत्रिणींनो, सुट्टीत घरी जाल तेव्हा आजीजवळ घटकाभर बसा. फोटो मागाहून काढा. आधी तिचे ऐकून घ्या.