कोवळ्या खांद्यांवरचे ओझे

कल्याणच्या प्रणव धनावडेने जानेवारी २०१६ मध्ये शालेय सामन्यात नाबाद १००९ धावा ठोकल्या. रिक्षाचालकाचा हा पंधरा वर्षांचा मुलगा एका रात्रीत देशभर गाजला. मुंबई क्रिकेट संघटनेने दरमहा दहा हजारांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पुढे धावा आटल्या, तरी त्याचा प्रत्येक डाव १००९च्याच मापाने तोलला गेला. २०१७ मध्ये शिष्यवृत्ती थांबवा, अशी विनंती कुटुंबालाच करावी लागली. शालेय गुणवत्तेचे कौतुक जरूर व्हावे. पण मुलांना डोक्यावर घेणारेच त्यांना अपयशाची मुभा देत नाहीत. अल्पवयीन खेळाडूंच्या मुलाखती आणि सत्कारांना शाळा, संघटना व माध्यमांनी मर्यादा घातलीच पाहिजे. चुकत-माकत शिकण्याइतकी उसंत हा मुलांचा हक्क आहे.