टाचणांच्या बाजूने

शिक्षकांच्या उन्हाळी शिबिरांत अलीकडे एक मत फार ठासून मांडले जाते. मांडणाऱ्याचे बोलणे सफाईदार असते, पडद्यावर रंगीत आकृत्या असतात आणि टाळ्याही पडतात. मत असे : अकरावी-बारावीच्या मुलांकडून प्रकल्पासाठी संदर्भ गोळा करून घेणे, टाचणे काढून घेणे, संदर्भसूची लिहून घेणे हा मागच्या शतकातला उद्योग आहे. माहिती आता हाताशी आहे. ती शोधण्यात, उतरवण्यात आणि लावण्यात मुलांचे दिवस का घालवायचे? हे कारकुनी काम यंत्राकडे सोपवा आणि मुलांना विचार करू द्या. पाठोपाठ जोडमुद्दे येतात. प्रवेश परीक्षांच्या वर्गांमुळे मुलांना वेळ नाही. खेड्यात ग्रंथालये नाहीत, म्हणून संदर्भांचा आग्रह शहरातल्या मुलांच्याच फायद्याचा. आणि संदर्भसूची वाचतो तरी कोण?

हे मत मला घातक वाटते. ते ऐकून घरी जाणारा शिक्षक जूनमध्ये वर्गात तेच सांगतो, म्हणून त्याचा समाचार घेणे भाग आहे.

लहान मुद्दे आधी. वेळ नाही म्हणता, तर शाळेजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रकल्प आणून तो वळणदार अक्षरात उतरवायला, प्रत्येक पानाला स्केचपेनने चौकट काढायला आणि स्पायरल बाइंडिंगसाठी रांगेत उभे राहायला मुलांना वेळ कुठून मिळतो? संदर्भसूची कोणी वाचत नाही, हा आरोप न वाचणाऱ्यावर आहे, संदर्भसूचीवर नाही.

आता 'कारकुनी काम' या शेऱ्याकडे वळतो. खरे भांडण इथे आहे.

एक विषय घेऊ. अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' या विषयात प्रकल्प असतो. समजा पुण्यातल्या एका मुलीने त्यासाठी पानशेतचा पूर निवडला. यंत्राला विचारले की चार परिच्छेद मिळतात : १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, मुठेला पूर आला, पेठा बुडाल्या, अतोनात नुकसान झाले. व्याकरण शुद्ध, वाक्ये गुळगुळीत. मुलगी ती वहीत उतरवते. आता हिने 'विचार' करायचा आहे. कशावर करणार? त्या चार परिच्छेदांत अडखळायला जागाच नाही. कुठे विसंगती नाही, कुठे प्रश्न नाही, कोण म्हणतो याचा पत्ता नाही. असल्या मजकुरावर फार तर निबंधाचा शेवट लिहिता येतो : 'म्हणून आपण निसर्गाचा समतोल राखला पाहिजे.' आमच्या हजारो प्रकल्पांच्या शेवटी हेच वाक्य असते, विषय कोणताही असो.

तीच मुलगी चिठ्ठ्या घेऊन बसली तर काय होते ते पाहा. एका चिठ्ठीवर ती लिहिते की पानशेत सकाळी फुटले. दुसऱ्या ठिकाणचे वाचून दुसऱ्या चिठ्ठीवर लिहिते की त्या लोंढ्याने खडकवासल्याची भिंतही दुपारी फुटली. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की प्रश्न उभा राहतो : मग पुणे नक्की कोणत्या धरणाने बुडवले? पानशेत आंबी नदीवरचे, मातीचे, काम पुरते संपलेलेही नव्हते. खडकवासला मुठेवरचे, दगडी बांधणीचे, एकोणिसाव्या शतकातले. लोकांच्या तोंडी आजही 'पानशेत' एवढेच आहे. खडकवासला का विसरले गेले? सकाळ ते दुपार या मधल्या तासांत शहराला काय कळले आणि केव्हा कळले? हे प्रश्न कोणत्याही यंत्राच्या चार परिच्छेदांत नव्हते. दोन चिठ्ठ्या शेजारी आल्या म्हणून ते सुचले. ज्याला प्रतिपक्ष विचार म्हणतो तो इथे सुरू झाला, आणि ज्याला तो कारकुनी म्हणतो त्या कामातून झाला.

पुढे चला. खडकवासल्याचे जुने वर्णन हवे म्हणून ती १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरकडे वळते. तिथे हा जलाशय 'लेक फाइफ' या नावाने येतो आणि शहर 'पूना' म्हणून. पानशेतच्या जलाशयाला आज सरकारी कागदांत 'तानाजीसागर' म्हणतात. म्हणजे शोधायला बसण्याआधी विषयाच्या सगळ्या नावांची यादी करावी लागते, नाहीतर कपाटात असलेला कागदही सापडत नाही. मग तिच्या हाती १९५४ ची सुधारित आवृत्ती येते. तीत पूर नाही, असणारही नाही, कारण ती पुराच्या सात वर्षे आधीची आहे. पण पुराआधीचे शहर कसे होते, ते तिथे आहे. १९६१ ची जनगणना त्याच वर्षाच्या सुरुवातीला, पुराच्या काही महिने आधी झाली. तिचे आकडे उद्ध्वस्त पेठांचे नाहीत, भरल्या पेठांचे आहेत. तारीख न टिपता हे आकडे उचलणारा मुलगा 'पुरानंतर पुण्याची लोकसंख्या' म्हणून ते ठोकून देईल आणि कोणी त्याला अडवणार नाही.

वर्तमानपत्रांचे तसेच. १३ जुलैचा अंक आणि आठवड्यानंतरचा अंक मृतांबद्दल सारखेच बोलत नाहीत, बोलूही शकत नाहीत. कोणता आकडा खरा यावर वाद घालण्याआधी कोणता आकडा कोणत्या तारखेचा, हे चिठ्ठीवर असावे लागते. पुढे सरकारने चौकशी आयोग नेमला. धरण का फुटले याबद्दल आयोगाचे म्हणणे वेगळ्या चिठ्ठीवर आणि शेजारच्या काकांचे म्हणणे वेगळ्या चिठ्ठीवर, ही शिस्त अंगी बाणली तर ती मुलगी उद्या कोणत्याही अफवेला बळी पडणार नाही. आणि विषय जलसुरक्षेचा म्हणून सांगतो : ज्या खडकवासल्याचे पाणी शहर पीत होते तोच रिकामा झाल्यामुळे पुरानंतर पुण्याचे नळ कोरडे पडले, लोक जुन्या विहिरी आणि आडांकडे परतले. पुराने बुडालेले शहर तहानलेले राहिले. प्रकल्पाचा गाभा हा आहे, आणि तो गाठायला नुकसानीचा एक आणि पाणीपुरवठ्याचा एक असे दोन वेगळे कागद एका मुद्द्याखाली यावे लागतात. कागद लावणे म्हणजे हेच.

'कारकुनी' म्हणून ज्याची हेटाळणी होते, त्याच कामावर या प्रांतातली विद्या उभी आहे. डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृत कोशाचे काम चालू आहे. त्यासाठी सुमारे १५०० ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या हाताने काढल्या गेल्या. भांडारकर संस्थेत १२५९ हस्तलिखिते तपासून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, १९१९ ते १९६६ इतका काळ त्यात गेला. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली, तिच्यावाचून मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाचे आजही पान हलत नाही. या माणसांना विचार करायला वेळ नव्हता म्हणून त्यांनी चिठ्ठ्या लिहिल्या, असे प्रतिपक्षाला म्हणायचे आहे काय?

हा वाद मी पहिल्यांदा ऐकत नाही. गाईडांचा सुळसुळाट झाला तेव्हा हेच बोलले गेले होते. धडा वाचून उत्तर शोधण्यात मुलांचा वेळ जातो, तयार उत्तर द्या, मग मुले ते 'समजून' घेतील. काय झाले? धडा वाचणे थांबले, समजणेही थांबले, उत्तर तेवढे पाठ झाले. एका पिढीने तो सौदा केला आणि तिची मुले आज यंत्राशी तोच सौदा करत आहेत. त्या वेळी गप्प बसलेल्यांनी आता तरी बोलावे.

दुसरा जुना वाद माझ्याच बाजूच्या लोकांशी आहे. संदर्भांचा आग्रह धरणाऱ्यांत एक सोवळा पंथ आहे, छापील तेवढेच प्रमाण मानणारा. आजीने सांगितलेले प्रकल्पात लिहिले की या मंडळींची लाल शाई चालते. मला हे कधीच पटले नाही. पुरात घर गेलेली बाई, नंतर गोखलेनगर किंवा सहकारनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत संसार मांडणारी बाई, हा साक्षात पुरावा आहे. अट एवढीच की तिचे बोलणेही टाचणाच्या शिस्तीने उतरवावे : ती तेव्हा केवढी होती, कुठे उभी होती, स्वतः पाहिले ते कोणते आणि ऐकले ते कोणते, मुलाखत कोणत्या तारखेची. १९६१ साली दहा वर्षांची असलेली मुलगी आज पंच्याहत्तरीच्या घरात आहे. छापील कागद आणखी पन्नास वर्षे कपाटात राहील. ही माणसे राहणार नाहीत.

यंत्राबद्दल दोन वाक्ये पुरेत. ते कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचे नाव, लेखक आणि पृष्ठांक धीटपणे देते. ते पुस्तक हातात धरून पाहण्याची सवय ज्याला लावलेली नाही, त्या मुलाला हे कधीच कळणार नाही, आणि ही सवय मोडा म्हणून उपदेश करणारे त्याला आपल्या हाताने खड्ड्यात ढकलत आहेत.

खेड्यातल्या मुलांचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि तो ज्या रीतीने वापरला जातो त्याचा मला राग येतो. ग्रंथालय नाही म्हणून संदर्भच नकोत? सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा या राज्यात १९६७ साली झाला. गावात चालते ग्रंथालय नसेल तर ते मागा, मुलांची भूक का मारता? शिवाय संदर्भ म्हणजे केवळ पुस्तके, ही समजूतच शहरी आहे. तलाठ्याकडे गाव नमुने असतात, त्यांत पिकांची नोंद असते. २०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावनिहाय तक्ते आहेत. ग्रामपंचायतीत ठरावांची वही असते. आणि ज्या शाळेत मुले बसतात तिच्याच कपाटात जनरल रजिस्टर असते, ज्यात शाळा सोडल्याची तारीख आणि कारण लिहिलेले असते. १९७२ च्या दुष्काळात आपल्या शाळेतून किती मुले गळाली, हा प्रश्न घेऊन मुख्याध्यापकांच्या परवानगीने, कोणाचे नाव न लिहिता, एखाद्या मुलाने ते रजिस्टर वाचले तर शहरातल्या कोणत्याही प्रकल्पाला मान खाली घालावी लागेल. त्याच गावात दुष्काळी कामावर खडी फोडलेली माणसे पारावर भेटतात. रोजगार हमीचा कायदा पुढे १९७७ साली झाला, त्याच्या मुळाशी ज्यांचे हाल होते तीच ही माणसे. खेड्यातल्या मुलाला साधने नाहीत असे म्हणणाऱ्याने गाव पाहिलेले नाही.

मग करायचे काय? फार थोडे. पाठकोऱ्या लग्नपत्रिका कापून चिठ्ठ्या कराव्यात, त्यांना पैसे पडत नाहीत. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. वरच्या कोपऱ्यात कोणी म्हटले, कुठे, कधी, पान कोणते. जसेच्या तसे उतरवलेले अवतरणचिन्हांत, स्वतःच्या शब्दांतले चिन्हांवाचून. ही एक सवय उचलेगिरीला अटकाव करण्यासाठी शंभर व्याख्यानांपेक्षा उपयोगी आहे, कारण महिनाभराने मुलाला स्वतःलाच आठवत नाही की वाक्य कोणाचे. वीस-पंचवीस चिठ्ठ्या झाल्या की पुस्तकवार लावलेला गठ्ठा मोडून प्रश्नवार लावावा. जो गठ्ठा पातळ राहील तिकडे पुढचा शोध. लिखाण त्यानंतर. यंत्र वापरायचे तर शोधाची दिशा कळायला वापरावे. पण त्याने सांगितलेली गोष्ट मूळ जागी पाहिल्याशिवाय तिची चिठ्ठी होऊ नये. ग्रंथपाल असेल तर त्यांच्याकडे एक तास सारा वर्ग न्यावा. वहीला निम्मे गुण आणि चिठ्ठ्यांना निम्मे. तोंडी परीक्षेत गठ्ठ्यातली कोणतीही चिठ्ठी उचलून एवढेच विचारावे : हे कुठून आणले, आणि याच्या उलट कोणी म्हटले आहे का?

शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या जूनमध्ये विषय वाटताना बाइंडिंग केलेल्या वहीची तारीख आधी सांगू नका. टाचणांची तारीख सांगा. ती दिवाळीच्या सुट्टीआधी मागून घ्या, आणि मुलांसमोर बसून वाचा.