मॅन्डरलीची इभ्रत

डाफ्ने द्यू मोरिए या इंग्लिश लेखिकेची १९३८ साली प्रसिद्ध झालेली 'रेबेका' ही कादंबरी, जिच्यात भय आणि प्रणय परस्परांपासून विलग करता येऊ नयेत इतके एकजीव झाले आहेत, मला जितकी मोहित करते तितकीच व्यथित करते; आणि कथेची भूमी इंग्लंडच्या समुद्रकाठची असली तरी ही व्यथा लातूर-नांदेडकडच्या वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे.

एका धनिक बाईची पगारी सोबतीण म्हणून माँटे कार्लोला आलेली एक निराधार, लाजाळू तरुणी मॅक्सिम डी विंटर या विधुर जमीनदाराशी विवाह करून मॅन्डरली या त्याच्या वडिलोपार्जित वाड्यात येते, आणि पाहते तो त्या वाड्यावर अजून पहिल्या पत्नीची, समुद्रात बुडून मेलेल्या रेबेकाचीच, सत्ता चालू आहे. आपल्याकडे भयकथा म्हटली की नारायण धारपांचे नाव प्रथम ओठांवर येते. त्यांच्या कथांतील अमंगल शक्तीला रूप असते, आणि 'समर्थ' मालिकेत तर तिचा पाडाव करणारा अधिकारी पुरुषही असतो, त्यामुळे आपण कोणाच्या पक्षाला उभे राहायचे याविषयी वाचकाला संदेह पडत नाही. 'रेबेका'त भूत एकदाही दिसत नाही. रुमालावरचे आद्याक्षर, कागदपत्रांवरचे तिरके ठसठशीत अक्षर, मिसेस डॅन्व्हर्स या कारभारणीने जागच्या जागी जपून ठेवलेल्या मृत मालकिणीच्या वस्तू, एवढ्याच साहित्यावर लेखिका जी दहशत उभी करते तिला तोड नाही. निवेदिकेला सबंध ग्रंथात स्वतःचे नावही दिलेले नाही. लग्नात तांदळाच्या ताटात नवे नाव कोरून ज्यांचे माहेरचे नाव काढून घेतले गेले, त्या आपल्या आया-आज्यांना या अनामिकेची घुसमट समजावून सांगावी लागली नसती. १९६४ च्या 'कोहरा' या हिंदी चित्रपटात डॅन्व्हर्सच्या वळणाची भूमिका आपल्या येवल्याच्या ललिता पवारांनी केली होती. त्यांची ती नजर ज्यांनी पाहिली आहे त्यांना मी अधिक काय सांगावे?

माझे भांडण सुरू होते ते उत्तरार्धापासून. समुद्रतळाशी रेबेकाची नौका सापडते, तिच्यात तिचा देह सापडतो, आणि मॅक्सिम दुसऱ्या पत्नीजवळ कबूल करतो की रेबेकाला आपणच गोळी घातली आणि आपले तिच्यावर कधी प्रेम नव्हतेच. या दुहेरी कबुलीच्या पहिल्या भागाने जिने हादरून जावे ती दुसऱ्या भागाने कृतार्थ होते. नवऱ्याने खून केला यापेक्षा त्याचे मन सवतीकडे नव्हते ही वार्ता तिला मोठी वाटते, आणि लेखिकेचे सामर्थ्य असे की तिच्याबरोबर वाचकाचाही जीव भांड्यात पडतो व पुढे तो खुनी सुटावा म्हणून आपण श्वास रोखून वाचत राहतो. कलेची ही किमया मी नाकारत नाही. इतकी अवघड गोष्ट इतक्या सहज साधणारी दुसरी कादंबरी मला ठाऊक नाही. परंतु हा खून झाला कशासाठी? रेबेकाचे वर्तन मॅक्सिमला लग्न झाल्यापासून माहीत होते, आणि घराण्याच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून त्याने ते मुकाट्याने सोसलेही होते. परक्याचे मूल तुझ्या नावावर वाढेल आणि मॅन्डरलीचा वारस होईल, असे जेव्हा तिने सुचवले, तेव्हा त्याने बार काढला. म्हणजे प्रश्न प्रेमाचा नव्हता, मिळकतीचा आणि इभ्रतीचा होता. ही परिभाषा आम्हाला नवी नाही. हैदराबाद संस्थानातील जहागिरी १९४९ साली खालसा झाल्या, वतनांचे कागद दप्तरात गेले, पांढऱ्या मातीच्या गढ्या पावसापाण्याने झिजत चालल्या. पण घराण्याच्या अब्रूची सारी जोखीम सुनेच्या शिरावर ठेवण्याची वहिवाट कोणत्याही फर्मानाने रद्द झाली नाही.

खुनानंतर जे घडते तेही तितकेच ओळखीचे आहे. पंच बसतात, जबान्या होतात, आत्महत्येचा निष्कर्ष निघतो. तिकडचा दंडाधिकारी कर्नल ज्युलियन, जो मॅन्डरलीच्या पंगतीला बसणारा आहे, त्याला खरे काय ते उमगले असावे असे लेखिका सुचवते, तरी तो बोलत नाही. रेबेकाला असाध्य रोग होता हे डॉक्टरच्या नोंदीतून निघताच सर्वांना हवे असलेले कारण मिळते आणि प्रकरण मिटते. विहिरीत पाय घसरला, स्टोव्हचा भडका उडाला, ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली, असे वाचत आमच्या पिढीचे आयुष्य गेले. अशा नोंदींच्या आड दडणाऱ्या अपराधांसाठीच १९८६ साली भारतीय दंड संहितेत हुंडाबळीचे कलम घालावे लागले आणि विवाहापासून ७ वर्षांच्या आत अस्वाभाविक रीतीने मरण पावलेल्या सुनेचा विचार कायद्याला वेगळ्या दृष्टीने करावा लागला. हिचकॉकने १९४० साली या कादंबरीचा चित्रपट केला तेव्हा, पत्नीचा खुनी शिक्षेवाचून सुटलेला दाखवण्यास हॉलिवूडच्या तत्कालीन नियमावलीची मनाई असल्यामुळे, रेबेकाचा मृत्यू अपघाताने झाल्याचे दाखवले गेले. मला हा बदल मूळ कादंबरीहून अधिक खटकतो, कारण गोळी कोणी झाडली हे कादंबरी निदान लपवत नाही.

अखेरीस मॅन्डरली आगीत भस्म होते, आणि या आगीत काव्यगत न्याय पाहणारे रसिक आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात, गणपती बोळवून निजलेल्या किल्लारी आणि आसपासच्या गावांत ज्यांच्या अंगावर दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदे कोसळली, त्यांच्या जिल्ह्यातल्या माणसाला वास्तू नष्ट होण्यात न्याय दिसणे शक्य नाही. शिवाय मॅन्डरली जळते तेव्हा मॅक्सिम आत नसतोच. तो पत्नीसह परदेशी निघून जातो. रेबेका निष्पाप होती असे मी म्हणत नाही; ती क्रूर होती, दुबळ्या बुद्धीच्या बेनला धमकावण्यापर्यंत तिची मजल गेली होती. पण तिचे अखेरचे शब्द आपल्याला ऐकू येतात ते तिला मारणाऱ्याच्याच तोंडून, आणि तिची स्वतःची कैफियत कोणत्याही दप्तरात नाही. ही कादंबरी वाचकांनी अवश्य वाचावी, तिच्या भाषेच्या आणि भयाच्या अधीनही व्हावे. मात्र मॅक्सिमच्या कबुलीचे प्रकरण येईल तेव्हा ही एकतर्फी जबानी आहे एवढे ध्यानात ठेवून पुढचे पान उलटावे.