घराचा व्यवहार: दोन प्रश्न विचारल्याविना पैसे देऊ नयेत

नालासोपारा पूर्वेकडील अग्रवाल नगरी परिसरातील ४१ अनधिकृत इमारती नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात जमीनदोस्त करण्यात आल्या. ही जमीन विकास आराखड्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र व कचराभूमी यांसाठी राखीव होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पाडकामाचा आदेश दिला होता. त्यानंतर २६ ऑगस्ट २०२५ च्या रात्री विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट ही इमारत कोसळली आणि १७ जणांचा बळी गेला. तीही अनधिकृत होती.

या इमारतींत राहणाऱ्यांपैकी अनेकांनी आयुष्यभराची पुंजी मोजून घर घेतले होते. कुणाकडे नोंदणीकृत करारनामा असतो, कुणाकडे घरपट्टीची पावती, कुणाच्या नावाने विजेचा मीटर असतो. मग चूक कोठे होते? आमच्या मते ती या कागदांच्या अर्थात होते. दुय्यम निबंधक दस्ताची नोंद करतो, विकणाऱ्याची मालकी तपासून हमी देत नाही. अनधिकृत बांधकामाकडूनही महानगरपालिका कर घेते, वर शास्ती आकारते. वीजजोडणी ही बांधकाम परवानगी नव्हे. बँकेने कर्ज दिले हाही निर्णायक पुरावा नाही. भोगवटा प्रमाणपत्र पडताळूनच कर्ज द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाला १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात बँकांना बजावावे लागले. बांधकाम जुने आहे किंवा त्यात पैसा गुंतला आहे, एवढ्या कारणाने ते कायदेशीर होत नाही, हेही त्याच निकालाने स्पष्ट केले.

घर घेताना प्रश्न दोनच असतात. जमीन विकणाऱ्याच्या मालकीची आहे काय? आणि तिच्यावरील इमारतीला परवानगी आहे काय? एकाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. जमिनीची मालकी निर्विवाद असूनही इमारत बेकायदा असू शकते.

पहिल्या प्रश्नासाठी केवळ सातबारा पाहून थांबू नये. सातबारा व फेरफार ही महसुली नोंद आहे. मालकी सिद्ध होते ती खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र अशा मूळ दस्तांवरून. गेल्या तीस वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यावा, आणि तो वकील विकासकाने किंवा दलालाने सुचविलेला नसावा. कुलमुखत्यारपत्रावर घर ‘विकले’ जात असेल, तर विशेष सावध राहावे. अशा पत्राने मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे. नोटरीपुढे केलेला साधा करारही नोंदणीकृत खरेदीखताची जागा घेऊ शकत नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी बिनशेती परवानगी, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि तयार इमारत असल्यास भोगवटा प्रमाणपत्र मागावे. झेरॉक्स प्रतीवर विसंबू नये. त्या प्रतीवरील क्रमांक व दिनांक घेऊन महानगरपालिकेच्या नगररचना विभागात स्वतः खातरजमा करावी. जमिनीवर आरक्षण आहे काय, हेही तेथेच कळते. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी बनावट परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळविल्याचे उघड झाले होते. त्यामुळे महारेरा क्रमांक आवश्यक असला, तरी तो पुरेसा नाही.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात कायदा ग्राहकाला काही संरक्षण देतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार करारनाम्याची नोंदणी झाल्याखेरीज विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपेक्षा जास्त सदनिका नसलेल्या प्रकल्पांना नोंदणीची सक्ती नाही. गावोगावी उभ्या राहणाऱ्या लहान इमारतींच्या बाबतीत म्हणूनच अधिक दक्षता हवी.

विकणाऱ्यालाही जबाबदाऱ्या आहेत. व्यवहारात २० हजार रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोख घेतल्यास आयकर कायद्यानुसार दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला होतो. ‘अर्धे काळे, अर्धे पांढरे’ हा सल्ला देणारा दलाल त्या वेळी शेजारी उभा राहत नाही. किंमत ५० लाख किंवा अधिक असेल, तर खरेदीदाराने एक टक्का कर कापून सरकारजमा करावयाचा असतो. विकणारा परदेशी अनिवासी असल्यास हा नियम बदलतो आणि कपात बरीच मोठी असते. ज्यांची मुले आखातात वा अन्यत्र स्थायिक आहेत, त्यांनी हे आधीच विचारून घ्यावे. सहकारी सोसायटीतील सदनिका विकताना हस्तांतरण शुल्क म्हणून २५ हजार रुपयांहून अधिक रक्कम मागता येत नाही. ‘देणगी’च्या नावाने ती वाढविणे नियमबाह्य आहे.

आपल्या समाजात सर्वाधिक व्यवहार अडतात ते वारसाहक्कावर. ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र केले नसेल, तर १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्यानुसार विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांना समान मिळते. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा वाटा संपत नाही. तरीही वाडीतील घर विकायला निघाल्यावर ‘बहिणींचा प्रश्न नाही’ असे सहज म्हटले जाते. बहिणीला खरोखरच हक्क सोडायचा असेल, तर तिने समजून-उमजून नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावे. नसेल, तर तिचा हिस्सा तिला द्यावा. तिची सही नसलेले खरेदीखत खरेदीदाराच्या गळ्यात पुढे दाव्याच्या रूपाने पडते, आणि भावंडांची बोलचाल बंद होते ती वेगळीच.

हे सारे करण्यास दोन-तीन आठवडे आणि वकिलाची फी लागते. घराच्या किमतीपुढे हा खर्च नगण्य आहे. ‘आज बयाणा दिला नाही, तर उद्या दर वाढेल’ असे सांगून जो कागद पाहण्यास वेळ देत नाही, त्याच्याशी व्यवहार न करणे हेच उत्तम. आणि ज्यांना सध्या काही विकायचे वा घ्यायचे नाही, त्यांनी एक काम अवश्य करावे: घरातील वडीलधारी मंडळी हयात आहेत, तोवर सर्व मुलामुलींना एकत्र बसवून मूळ दस्त कोठे आहेत ते पाहावे, सातबाऱ्यावरील नावे तपासावी आणि मृत्युपत्र लिहून ठेवावे.