पाहणी झाली, भार कोणी टाकला?

नवा पूल बांधून झाला की त्याची भारचाचणी घेतात. खडी भरलेले ट्रक मधोमध आणून उभे करायचे, दिवसभर-रात्रभर तसेच ठेवायचे, खाली काटे लावून पूल किती वाकला ते लिहायचे, आणि ट्रक काढल्यावर तो किती सरळ झाला तेही लिहायचे. महाडच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीचा ब्रिटिशकालीन दगडी पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता, हे नंतर सरकारच्याच तोंडून कळले. पाहणी खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. उन्हाळ्यातल्या कोरड्या पात्रात उतरून वर बघणे आणि पुराचा लोंढा पायाला लागणे यांत फरक असतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आजचा विषय पुलाचा नाही. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतले मोबाइलचे टॉवर, त्यांच्या मागे धावणारी फायबर आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत भिंतीवर लावलेली लुकलुकती पेटी हा आहे. यांच्यावर भरलेले ट्रक उभे केल्याचे आकडे आजवर लोकांपुढे आलेले नाहीत. पावसाळा दर वर्षी येतो, आणि दर वर्षी आपण फक्त ‘रेंज आहे ना?’ एवढेच विचारतो.

२२ जुलै २०२१ चा दिवस आठवा. महाड शहरात पाणी शिरलेले, वीज गेलेली, फोन बंद. त्याच दिवशी दुपारनंतर तळीये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीवरही कोसळली. तळीयेत ऐंशीहून अधिक माणसे गेली आणि मदत पथके तिथे पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. फोन लागला असता तर दरड थांबली असती, असा बाळबोध दावा आम्ही करणार नाही. रस्तेच पाण्याखाली होते. पण कुठे किती माणसे अडकली आहेत, कोणत्या वाटेने जाता येईल, जेसीबी कुठून निघू शकतो, हे सगळे एका फोनवर कळायचे होते आणि तो फोन लागत नव्हता. सावित्रीकाठी सवसारख्या गावात बसलेल्या माणसाला जवळच्याच महाडात आपले नातेवाईक माळ्यावर चढलेत की नाहीत, हे कळायला मार्ग नव्हता.

त्याच्या बरोबर सहा दिवस आधी, १६ जुलै २०२१ ला, याच राज्यात दहावीचा निकाल दुपारी एक वाजता लागला आणि निकालाची संकेतस्थळे बसली. मुले संध्याकाळपर्यंत पडद्यावरचे गोल फिरणारे चक्र बघत राहिली. सोळा लाखांच्या आसपास विद्यार्थी आणि त्यांचे आई-बाप एकाच मिनिटाला तिथे येणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. एका आठवड्यात दोनदा, दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी, एकच गोष्ट दिसली: सगळे एकदम आले की काय होते, हे आधी करून बघण्याची आपल्याला सवयच नाही.

आणि ते करून बघता येते. जगभरातले नेटवर्क इंजिनिअर ते रोज करतात. कल्पना ट्रकचीच आहे. नेटवर्कवरून जाणारी प्रत्येक गोष्ट, मग तो व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप असो, फोनवरचा आवाज असो की सातबाऱ्याचा उतारा, छोट्या छोट्या पॅकेटांत मोडून जाते. मग एका टोकाला असे यंत्र लावायचे की जे कृत्रिम पॅकेट तयार करून हव्या त्या वेगाने सोडत राहील, आणि दुसऱ्या टोकाला ती मोजायची. किती निघाली, किती पोहोचली, किती उशिरा पोहोचली, किती वाटेत सांडली. याला ट्रॅफिक जनरेटर म्हणतात. महागडी यंत्रे मिळतात, पण लिनक्सच्या गाभ्यातच पीकेटीजेन नावाचे असे साधन फुकट बसलेले आहे. टीरेक्स आणि आयपर्फ हेही फुकट आहेत. साधा बरा संगणक आणि त्यातले चांगले नेटवर्क कार्ड यावर काम भागते. पैसा नाही ही सबब इथे फार वेळ टिकत नाही.

चाचणी कशी घ्यायची याचा पाठही लिहिलेला आहे. मार्च १९९९ मध्ये आरएफसी २५४४ या नावाने तो प्रसिद्ध झाला. त्यातल्या दोन परीक्षा वाचताना तो महाडसाठीच लिहिला असावा असे आम्हाला वाटले. एकीत यंत्राच्या झेपेपेक्षा दहा टक्के जास्त पॅकेट निदान साठ सेकंद त्याच्यावर ओतायची, मग वेग एकदम निम्म्यावर आणायचा आणि ते किती वेळाने भानावर येते ते मोजायचे. दुसरीत यंत्र मध्येच बंद पडून पुन्हा चालू झाले तर कामाला किती वेळात लागते ते बघायचे. झेपेपेक्षा जास्त भार आणि वीज जाऊन परत येणे. आपल्या जुलैचे याहून नेमके वर्णन कुठे सापडेल?

आता आपल्याकडे चाचणी म्हणून काय चालते ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका ग्रामपंचायतीत इंटरनेटची जोडणी ‘पूर्ण’ होताना आम्ही समोर होतो. ठेकेदाराच्या माणसाने लॅपटॉप लावला, स्पीड टेस्ट चालवली, काटा वर गेला, त्याने मोबाइलवर फोटो काढला, ग्रामसेवकांनी सही केली. दुपारची शांत वेळ, एक लॅपटॉप, वीस सेकंद. मोकळ्या पुलावरून एक सायकल पलीकडे गेली म्हणून पूल पास!

त्यातली खरी मेख पॅकेटच्या आकारात आहे. स्पीड टेस्ट मोठमोठी पॅकेट भरभरून पाठवते. एका गिगाबिटच्या तारेतून पंधराशे बाइटची मोठी पॅकेट सेकंदाला एक्क्याऐंशी हजारांच्या आसपास जातात. चौसष्ट बाइटची सर्वांत लहान पाठवायची म्हटली तर त्याच तारेतून सेकंदाला १४ लाख ८८ हजार जाऊ शकतात. तार तीच, ‘स्पीड’ तोच, पण यंत्राला प्रत्येक पॅकेटचा पत्ता वाचून त्याला पुढे ढकलायचे असते, म्हणजे काम अठरा पट. एसटीत पन्नास माणसे बसवून एकच तिकीट फाडणे आणि पन्नास तिकिटे फाडणे यांतला फरक कंडक्टरला विचारा. आणि पुरात लोक सिनेमे बघत नाहीत. ‘आम्ही वर आहोत’, ‘पाणी पायरीला लागले’, ‘आजीची गोळी संपली’ असे तीन-तीन शब्दांचे निरोप जातात. आवाजाच्या फोनची पॅकेटही लहान, सेकंदाला पन्नासच्या हिशेबाने. म्हणजे यंत्र ज्या भाराखाली सर्वांत आधी गुडघे टेकते, नेमका तोच भार आपत्तीत येतो. स्पीड टेस्टच्या फोटोत तो दिसत नाही.

सरासरीचाही एक धोका आहे. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावणाऱ्या सावित्रीचे गणित इथल्या जाणत्यांना ठाऊक आहे. वरून पावसाचा लोंढा आणि खालून खाडीची भरती एका वेळी आली की पाणी गावात चढते. दोन्ही चार तासांच्या फरकाने आली तर निभावते. वर्षाच्या पावसाची सरासरी सांगून महाडचा पूर कोणाला कळला आहे? कंपन्या मात्र टॉवरचा वापर तासाच्या सरासरीत सांगतात. तासाभरात चाळीस टक्के वापर दिसत असला, तरी त्यातल्या एका मिनिटात हजारभर फोन एकदम उठलेले असू शकतात, आणि माणसे हाक मारतात ती त्याच मिनिटात. वीज परत आल्यावर तर आणखी वेगळा प्रकार होतो. परिसरातले सगळे फोन एकाच क्षणी टॉवरला ‘मी आलो’ म्हणून नोंद करायला धावतात. बोलणे दूरच राहिले, नोंदीच्या गर्दीतच टॉवर घुसमटतो.

हे फक्त गरिबांच्या देशात होते असे समजू नका. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर जपानमधल्या मोबाइल कंपन्यांना आवाजाचे फोन सत्तर ते पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत रोखून धरावे लागले. संदेश तुलनेने बरे गेले. फरक इतकाच, की कोणती वाहतूक आधी सोडायची आणि कोणती अडवायची हे तिथे आधीच ठरलेले होते, आणि किती अडवली ते नंतर जाहीरही झाले.

आपल्याकडे काहीच होत नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ट्राय गाडीतून फिरून मोबाइल सेवेची चाचणी घेते, आणि २०२४ च्या नव्या नियमांनी सेवेच्या दर्जाचा फास बराच आवळला आहे. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम कर्कश्श वाजले होते, ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी चांगलीच होती. एकाच वेळी सगळ्यांना जाणारा तो संदेश टॉवरवर माणसागणिक भार टाकत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण तो वरून खाली येतो. खालून वर जाणारी हाक कोणी तपासली? आणि गाडीतून फिरणारी चाचणी चालू टॉवरची, साध्या दिवसाची, मोठ्या रस्त्याची असते. पोलादपूरच्या वाड्यांवर ती गाडी चढते का?

दर वर्षी पावसाळ्याआधी मॉक ड्रिल होते. बोटी उतरतात, लाइफ जॅकेट घातली जातात, एनडीआरएफचे जवान दोर टाकून दाखवतात. त्यांच्या मेहनतीला आमचा सलाम. पण त्या सगळ्या कवायतीचा ताळमेळ भर उन्हात, धडधाकट नेटवर्कवर, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातून चालतो. ज्या दिवशी बोट लागेल त्या दिवशी तो गट नसेल, हे त्या कवायतीत कोणीच गृहीत धरत नाही.

कंपन्या म्हणतील, चालू नेटवर्कवर कृत्रिम पॅकेट ओतली तर गिऱ्हाइकांची सेवा बिघडेल. हा आक्षेप खरा आहे. आरएफसी २५४४ च्या पद्धती चालू नेटवर्कवर वापरू नका, असे तो पाठ लिहिणाऱ्या मंडळींनीच २०१२ मध्ये वेगळे टिपण काढून बजावले होते. बेफिकीरपणे सोडलेला ट्रॅफिक जनरेटर आणि सायबर हल्ला यांत नेटवर्कच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही. म्हणूनच अशा चाचण्यांसाठी १९८.१८ आणि १९८.१९ ने सुरू होणारे पत्ते जगभर राखून ठेवलेले आहेत. पण यावरचे उत्तर चाचणीच न घेणे हे नव्हे. टॉवरपासून मागच्या केंद्रापर्यंतची जोडणी मध्यरात्रीनंतर, पूर्वसूचना देऊन, थोड्या वेळासाठी तपासता येते. मुख्य फायबर मुद्दाम तोडून पर्यायी मार्गावर किती पॅकेट सांडतात तेही मोजता येते. तिथे एक भीती आम्हाला छळते. कागदावर दोन वेगळ्या दिसणाऱ्या तारा महामार्गाच्या कडेने एकाच चरातून गेल्या असतील, तर एका जेसीबीच्या दातात दोन्ही सापडतील. महामार्गाच्या चौपदरीकरणात इथे केबल किती वेळा तुटल्या हे दुकानदारांना विचारा.

टॉवरच्या हवेतल्या बाजूची परीक्षा अशी सहज होत नाही, तिला गर्दीच लागते. ती गर्दी मात्र महाडला आयती मिळते. २० मार्चला चवदार तळ्यावर राज्यभरातून माणसे येतात, जूनमध्ये शिवराज्याभिषेकाला रायगडावर रीघ लागते, गणपतीला मुंबईचे चाकरमानी आले की वाडीवाडीत फोनांची संख्या दुप्पट होते. त्या दिवशी किती फोन लावले गेले, किती लागले, किती तुटले, याचे आकडे कंपन्यांच्या यंत्रांत पडून असतात. ते जिल्हाधिकाऱ्यांनी मागावेत आणि जाहीर करावेत. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ पासून आहे, माहिती मागायला नवा कायदा नको.

चाचणीसाठी माणसे कुठून आणायची, असे कोणी विचारले तर महामार्गानेच उत्तरेला जावे. लोणेरे इथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून उभे आहे. तिथली पोरे कॉलेजच्या प्रयोगशाळेत पॅकेट सोडून मोजायला शिकतातच. त्यांना प्राध्यापकांच्या देखरेखीखाली मे महिन्यात दोन तालुक्यांच्या ग्रामपंचायतींच्या जोडण्या तपासायला द्या. लहान पॅकेट, मोठी पॅकेट, साठ सेकंदांचा जादा भार, मग वीज काढून पुन्हा जोडणे. प्रत्येक गावाचा एक कागद होईल. तो तहसील कार्यालयात कपाटात न जाता ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे, म्हणजे आपल्या पेटीला किती झेपते हे गावाला कळेल आणि जिथे झेपत नाही तिथे वायरलेस सेट किंवा सॅटेलाइट फोन आधी पोहोचेल.

येत्या मॉक ड्रिलसाठी आमची एक मागणी आहे. बोटी पाण्यात उतरवण्याच्या आदल्या रात्री सवच्या बाजूच्या टॉवरची वीज तोडा आणि ती सकाळपर्यंत जोडू नका. बॅटरी किती वाजता संपली ते लिहून ठेवा. मग सकाळी दहाला, उन्हात, गावातल्या शंभर माणसांना एकाच मिनिटाला महाडच्या नियंत्रण कक्षाला फोन लावायला सांगा, आणि त्यातले किती लागले तो आकडा त्याच दिवशी संध्याकाळी छापायला आमच्याकडे पाठवा.