लुटीचं लाडकं नाव

पेकिनीज कुत्र्याचा इतिहास सांगणारे लेख मी जिथे सापडतील तिथे वाचतो. श्वानप्रेमींची पुस्तकं, कुत्री विकणाऱ्यांची माहितीपत्रकं, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या, सगळीकडे साचा एकच. आधी दंतकथा येते. एक सिंह एका मार्मोसेट माकडिणीच्या प्रेमात पडला, बुद्धाने त्याला लहानखुरा केला पण त्याचं काळीज सिंहाचंच ठेवलं, आणि त्या जोडप्याची संतती म्हणजे पेकिनीज. (मार्मोसेट हे माकड दक्षिण अमेरिकेतलं. चीनच्या जंगलातल्या सिंहाला ते कुठे भेटलं, हे कुणी विचारत नाही.) मग येतो राजवाडा. रेशमी बाह्यांमध्ये बसणारी कुत्री, त्यांना सांभाळणारे खोजे, सामान्य माणसाला ती पाळायची बंदी. आणि मग एक छोटंसं वाक्य: '१८६० साली हे कुत्रे इंग्लंडमध्ये पोहोचले.'

माझं भांडण या 'पोहोचले'शी आहे. कुत्रे पोहोचले नाहीत, ते नेले गेले. ज्या कामगिरीत ते नेले गेले तिचा या लेखांत उल्लेख आलाच, तर 'अफूच्या युद्धाच्या धामधुमीत' अशा तीन शब्दांत उरकला जातो.

धामधूम अशी होती. १८५६ साली सुरू झालेलं दुसरं अफू युद्ध संपत आलं होतं. ऑक्टोबर १८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्य पेकिंगच्या वेशीवर पोहोचलं. सम्राट शियानफंग उत्तरेला जेहोलला पळून गेला होता. शहराबाहेर युआनमिंगयुआन हा उन्हाळी राजवाडा होता. म्हणायला राजवाडा, प्रत्यक्षात साडेआठशे एकरांत पसरलेली तळी, बागा, मंडप, ग्रंथसंग्रह आणि मंदिरं. फ्रेंच आणि ब्रिटिश सैनिकांनी तो काही दिवस मनसोक्त लुटला. ब्रिटिशांनी तर लुटीतल्या मालाचा रीतसर लिलाव करून पैसे सैन्यात वाटून घेतले. मग १८ ऑक्टोबरला लॉर्ड एल्गिनच्या हुकुमावरून सगळं पेटवून देण्यात आलं. हा एल्गिन म्हणजे ग्रीसमधून पार्थेनॉनची शिल्पं उचलून आणणाऱ्या एल्गिनचा मुलगा. पुढे तो हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला, १८६३ साली धरमशाला इथे वारला, आणि तिथल्याच चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. पर्यटक तिथे देवदारांचे फोटो काढतात.

ब्रिटिशांची बाजूही सांगायला हवी. वाटाघाटींसाठी गेलेल्या त्यांच्या माणसांना चिन्यांनी कैद केलं होतं, त्यांतली बरीच हाल होऊन मेली, आणि मेलेल्यांत आपल्याकडचे शीख स्वारही होते. एल्गिनने जाळपोळीचं हेच कारण दिलं. पण लूट आधी झाली आणि आग नंतर लागली. सूडाचं कारण आगीला चिकटवता येतं. खिशात कोंबलेल्या चिनी मातीच्या भांड्यांना आणि बगलेत मारलेल्या कुत्र्यांना ते कसं चिकटवणार?

त्या लुटीत पाच छोटी कुत्री हाती लागली, असं परंपरेने सांगितलं जातं. त्यांतलं एक ९९ व्या रेजिमेंटच्या कॅप्टन जॉन हार्ट डन याने विलायतेला नेऊन व्हिक्टोरिया राणीला भेट दिलं. १८६१ साली फ्रीडरिश काइल या चित्रकाराने तिचं चित्र काढलं, ते आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. ती १८७२ पर्यंत जगली. तिचं नाव होतं 'लूटी'.

लपवाछपवीचा प्रयत्नसुद्धा नाही. चोरलेल्या घड्याळाला कुणी 'चोरू' म्हणून हाक मारावी आणि घरातल्यांनी कौतुकाने हसावं, तसं हे नाव. आणि शब्द कुणाचा? आपला. इंग्रजीत 'लूट' हिंदुस्थानातून गेला, कंपनीच्या माणसांबरोबर, अठराव्या शतकात. म्हणजे राणीच्या मांडीवरचा प्राणी चीनमधून उचललेला आणि त्याचं नाव हिंदुस्थानातून. तो घेऊन येणाऱ्या डनच्या रोजनिशीचं नाव तर 'फ्रॉम कलकत्ता टू पेकिन' असं आहे.

इथे मराठी वाचकाने पाय जरा आखडते घ्यावेत. लूट हा शब्द आपल्यालाही प्यारा आहे. दसऱ्याला आपण सोनं लुटतो, आनंदाची लयलूट करतो, सुरतेच्या लुटीचा धडा शाळेत छाती फुगवून वाचतो. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांची धास्ती बंगालमधल्या अंगाईगीतांत अजून शिल्लक आहे. पण सुरतेच्या लुटीला आपण निदान लूटच म्हणतो, 'सुरतेचं सोनं राजगडावर पोहोचलं' असं लिहीत नाही.

हे सगळं दूरच्या देशातलं म्हणून सोडून द्यावं म्हटलं तर तेही जमत नाही. ज्या अफूसाठी ती युद्धं झाली त्यातली बरीचशी माळव्यातली होती, शिंदे-होळकरांच्या मुलखात पिकलेली, आणि ती मुंबई बंदरातून चीनला जायची. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्ती या व्यापारात मोठी झाली. जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कलाशाळा यांच्यामागे उभा असलेला पैसा त्याच संपत्तीतला. पेकिंगवर चालून गेलेल्या फौजेत शीख होते, पंजाबी पायदळ होतं, मद्रास सॅपर्स होते. त्यामुळे पेकिनीजचा इतिहास मुंबईत किंवा पुण्यात बसून लिहिताना तरी 'अफूच्या युद्धाची धामधूम' हे शब्द लेखणीतून इतक्या सहज उतरू नयेत.

मला मिळणारं ठरलेलं उत्तर असं: 'अहो, कुत्र्याचा काय दोष? जात देखणी आहे, प्राचीन आहे, राजेशाही आहे, तेवढं सांगितलं तर बिघडलं कुठे?' कुत्र्याचा काहीच दोष नाही. बिघडतं ते 'राजेशाही' या शब्दामुळे, कारण त्याच्या नावावर आज जे विकलं जातं ते राजवाड्यातलं नाहीच.

जात जुनी आहे, हे खरं. २००४ साली 'सायन्स' या नियतकालिकात ८५ जातींच्या कुत्र्यांच्या डीएनएचा अभ्यास आला, त्यात पेकिनीज आणि शिह त्झू लांडग्याला जवळच्या, जुन्या गटात निघाले. पण विलायती पेकिनीजचा आद्यपुरुष म्हणून ज्याचं नाव घेतात तो आह कम १८९६ साली चीनमधून चोरून आणलेला. त्याचं पेंढा भरलेलं शरीर ट्रिंगच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे. राजवाड्यातल्या त्या पाच कुत्र्यांची गोष्ट वंशावळीपेक्षा जाहिरातीला जास्त उपयोगी पडली, असं माझं स्पष्ट मत आहे. इंग्लंडच्या केनेल क्लबने जातीला मान्यता दिली ती १८९८ साली, आणि त्यानंतर प्रदर्शनांच्या टेबलांवर या कुत्र्याचा चेहरा बदलत गेला.

लूटीचं चित्र पाहा. नाक पुढे आलेलं आहे, मुस्कट स्पष्ट दिसतं. आजचा बक्षीसपात्र पेकिनीज शेजारी ठेवला तर दोघं एका जातीचे आहेत हे सांगावं लागेल. हा दाबलेला चेहरा कुठल्याही चिनी सम्राटाने मागितला नव्हता, तो शंभर वर्षं परीक्षकांनी मागितला. त्याची किंमत कुत्रा श्वासाश्वासाला मोजतो: आखूड झालेली नाकपोकळी, घशात लोंबणारी टाळू, पापण्यांतून बाहेर येऊ पाहणारे डोळे, आणि उन्हाळ्यात जीव घाबरा होणं, कारण कुत्रा अंगातली उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर काढतो. २००३ साली क्रफ्ट्स या जगप्रसिद्ध प्रदर्शनात डॅनी नावाचा पेकिनीज सर्वश्रेष्ठ ठरला. २००८ साली बीबीसीच्या माहितीपटाने दाखवलं की त्याच्या टाळूवर शस्त्रक्रिया झालेली होती आणि विजेता म्हणून फोटो काढताना तो अंग थंड राहावं म्हणून बर्फाच्या पिशवीवर बसला होता. त्याच वर्षी केनेल क्लबने पेकिनीजच्या मानकात सुधारणा केली: मुस्कट दिसलं पाहिजे. कुत्र्याला नाकाड असावं, हे एकविसाव्या शतकात लेखी द्यावं लागलं.

आपल्याकडे पेकिनीज तसा कमी, पण त्याचे भाऊबंद पग आणि शिह त्झू सोसायटी-सोसायटीत आहेत. मी पाहिलेल्या विक्रीच्या जाहिरातींत दोन गोष्टी जोडीने येतात, 'चिनी राजघराण्यातली जात' आणि 'पंच फेस'. हा 'ठोसा खाल्लेला चेहरा' गुण म्हणून सांगितला जातो आणि त्याचे जास्त पैसे लागतात. नागपूरच्या मे महिन्यात या पिल्लाचं काय होईल, याबद्दल जाहिरातीत ओळ नसते. कुणी विचारलंच तर विक्रेता एसीचा सल्ला देतो, आणि परत त्या सिंहाची गोष्ट सांगायला लागतो.