साक्षीदाराची उलटतपासणी

काचपात्रात मानवी चेतापेशी वाढविता येऊ लागल्या, तेव्हापासून एक जयघोष वारंवार कानी पडतो : आता मुक्या प्राण्यांचा छळ थांबेल, औषधाचे विष माणसाच्याच पेशी ओळखून दाखवितील आणि रोग्याला निर्धास्तपणे गोळी गिळता येईल. हा जयघोष करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. माझी तक्रार त्यांच्या घाईबद्दल आहे. जो साक्षीदार आज एक सांगतो आणि उद्या दुसरे, त्याच्या शब्दावर कोणताही शहाणा न्यायाधीश निकाल देत नाही. मग त्याच्या शब्दावर माणसाचा मेंदू का सोपवावा?

गरज खरी आहे, हे प्रथमच मान्य करतो. जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधील रेन या शहरी बीआयए १०-२४७४ नावाच्या नव्या औषधाची चाचणी निरोगी स्वयंसेवकांवर चालू होती. त्याआधी ते उंदीर, कुत्री आणि माकडे यांना देऊन झाले होते. पुढे ओढवणाऱ्या संकटाची पुरेशी सूचना त्यांपैकी कोणीही दिली नव्हती. रोज ५० मिलिग्रॅम घेणाऱ्या गटातील सहा जणांना रुग्णालयात हलवावे लागले. त्यांतील एक दगावला, काहींच्या मेंदूला इजा झाली. २०१७ साली लायडनच्या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह दाखवून दिले, की हे औषध नेमून दिलेल्या विकराबरोबर इतरही काही विकरांना रोखते आणि मानवी चेतापेशींतील मेदद्रव्यांची घडी विस्कटून टाकते. मृत्यूचे नेमके कारण तेच, असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु जो इशारा आधी मिळायला हवा होता, तो नंतर मिळाला, ही बोच राहतेच.

उंदराची चेतापेशी आणि माणसाची चेतापेशी एक नव्हे, याचा पुरावा त्याहूनही जुना आहे. १९८२ साली कॅलिफोर्नियात काही व्यसनी तरुण बनावट हेरॉइन टोचून घेतल्यावर पुतळ्यासारखे ताठरले. वृद्धांना गाठणारा कंपवात ऐन तारुण्यात त्यांच्यावर कोसळला होता. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी छडा लावला, तेव्हा त्या द्रव्यात एमपीटीपी नावाची भेसळ सापडली. माकडांना या विषाने तोच आजार जडतो. रॅट जातीचे उंदीर मात्र ते बव्हंशी पचवतात. ज्याने केवळ या उंदरांना साक्षीला बोलाविले असते, त्याने ते विष निर्दोष सोडले असते.

इथे आपल्यापैकी काही बांधव कपाळाला आठ्या घालतील, हे मी जाणतो. ‘मूळपेशी’ हा शब्द ऐकताच त्यांना भ्रूणहत्या आठवते. भ्रूणाचा बळी देऊन मिळविलेल्या पेशींविषयी ख्रिस्तसभेने १९८७ साली आणि पुन्हा २००८ साली जे सांगितले, त्यात मी तसूभरही बदल करू इच्छीत नाही. परंतु शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतील पेशी चार जनुकांच्या साहाय्याने मूळपेशीच्या अवस्थेला नेल्या. २०१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना याच कार्यासाठी, जॉन गर्डन यांच्यासमवेत मिळाले. प्रौढ माणसाने राजीखुशीने दिलेल्या त्वचेच्या कणापासून चेतापेशी घडविता येत असतील, तर त्या मार्गावर सरसकट काटे पसरणे हे धर्मनिष्ठेचे लक्षण नव्हे, माहितीच्या अभावाचे आहे. ती संमती मात्र खरीखुरी हवी. हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशी १९५१ साली तिला न विचारता घेतल्या गेल्या आणि जगभर वाढविल्या गेल्या, हा कलंक पुसलेला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नवा साक्षीदार माणसाच्या कुळातला आहे खरा. पण तो विश्वासार्ह आहे काय?

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच प्रयोगशाळांना एकाच मूळच्या पेशी आणि एकच कृती देण्यात आली. निष्पन्न झालेल्या चेतापेशी एकसारख्या निघायला हव्या होत्या. तपासणीअंती आढळले, की फरकाचे सर्वांत मोठे कारण पेशीदात्यात नव्हते, प्रयोगशाळेत होते! हात बदलला, साक्ष बदलली.

दुसरी अडचण वयाची. या पेशी जन्मतात त्या गर्भावस्थेतील मेंदूसारख्या, आणि पक्व व्हायला महिनोन्‌महिने घेतात. प्रौढ मेंदूत गाबा नावाचे द्रव्य चेतापेशींना शांत करते. अपक्व पेशींना तेच द्रव्य चेतवते. समजा, एखाद्या औषधाने आकडी येईल काय, हे आपल्याला तपासायचे आहे. पात्रातील पेशी अपक्व असतील, तर त्यांचे उत्तर नुसते अंधूक असणार नाही, ते साफ उलटे असू शकेल. आणि तरीही यंत्राच्या पडद्यावर आलेख सुबक उमटेल, कारण आलेखाला लाज नसते.

तिसरी गोष्ट प्राणिमुक्तीच्या घोषणेविषयी. या पेशी पुष्कळदा ज्या थरावर रुजवितात, ते मॅट्रिजेल उंदराच्या अर्बुदापासून काढलेले असते आणि त्याचा प्रत्येक घाणा थोडा निराळा निघतो. ज्याच्या पायाखालीच उंदीर आहे, त्याने ‘आम्ही उंदीर सोडला’ म्हणून मिरवू नये.

यावर प्रतिपक्षाचा एक सबळ युक्तिवाद आहे. प्राण्यांवरील चाचण्यांची अशी कसून परीक्षा कधी कोणी घेतली होती? मग नव्या पद्धतीलाच एवढा जाच का? आक्षेपात तथ्य आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. जुना साक्षीदार खोटा ठरला, म्हणून नवा आपोआप खरा ठरत नाही. सेमिनरीत तर्कशास्त्राच्या पहिल्याच वर्षी आम्हाला शिकविले होते, की निष्कर्ष आपल्या सर्वांत दुबळ्या आधाराहून बळकट असू शकत नाही. शिवाय खोटी साक्ष दुधारी असते. ती घातक औषधाला निर्दोष सोडते, तशी गुणकारी औषधालाही फासावर चढवते. आणि जे औषध बाजारात आलेच नाही, त्यावाचून मेलेल्यांची गणती कोणी करीत नाही.

दानिएलाच्या ग्रंथातील सुसान्नेची कथा आपल्याला ठाऊक आहे. दोन प्रतिष्ठित वडीलधाऱ्यांनी तिच्यावर आळ घेतला आणि लोकसमुदायाने तो मानला. तरुण दानिएलाने दोघांना वेगळे उभे करून एकच प्रश्न विचारला : कोणत्या झाडाखाली? दोघांनी दोन झाडे सांगितली आणि एक निरपराध जीव वाचला. मला हवी आहे ती हीच परीक्षा. ज्यांचा गुण वा दोष माणसांत पक्का ठाऊक आहे, अशी औषधे नावे झाकून निरनिराळ्या प्रयोगशाळांना द्या. पेशी कोणाच्या, त्यांची ओळख पटली आहे काय, त्यांचे वय किती, घाणा कोणता, हे प्रत्येक निकालासोबत नोंदवा. एकाच दात्याच्या पेशींना अवघ्या मानवजातीचे प्रतिनिधी मानू नका. आणि फसलेले प्रयोग कपाटात न दडपता छापा.

हे काम कंटाळवाणे आहे. त्याने कोणाचे छायाचित्र वृत्तपत्रात झळकत नाही, आणि म्हणूनच ते मागे पडते. २०१८ साली ओईसीडीने आणि २०२३ साली मूळपेशी-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने शिस्तीची सूत्रे घालून दिली आहेत. पण मार्गदर्शन निराळे आणि बंधन निराळे. दरम्यान अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये प्राणिचाचणीची सक्ती काढली, आणि आपल्या भारत सरकारनेही २०२३ साली नियमांत दुरुस्ती करून पेशींवरील चाचण्यांना दार उघडले. उघडले हे बरेच झाले. परंतु दार उघडणाऱ्याने आत येणाऱ्याचे नाव-गावही विचारावे.

आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला जातो, तेव्हा उशाशी गोळ्यांची पाकिटे दिसतात. एखादी म्हातारी विचारते, “फादर, ही नवी गोळी दिलीय डॉक्टरांनी. घेऊ ना?” “घ्या, बाय,” असे मी म्हणतो. मी तपासलेली नसते, तिच्या डॉक्टरांनीही तपासलेली नसते. कोठेतरी दूर कोणीतरी खरी साक्ष दिली आहे, या विश्वासावर आम्ही दोघे उभे असतो. त्या विश्वासाला जागणे हे शास्त्रज्ञाचे पहिले कर्तव्य आहे. जयघोष त्यानंतर करावा.